घर विकण्याआधी किती खर्चावं? माळवदापासून फ्लॅटपर्यंतचा हिशेब

स्मरणिकेसाठी लेख द्या असं समितीने सांगितलं तेव्हा मी आधी टाळलंच. सोसायटीची नोंदणी, पहिली कमिटी, बोअरला पाणी लागलं तो दिवस, हे सगळं माजी सचिवांनी त्यांच्या लेखात लिहिलं आहे. त्यात मी काय भर घालणार? पण गेल्या दीड-दोन वर्षांत आपल्यापैकी चार सभासद माझ्याकडे जवळजवळ एकच प्रश्न घेऊन आले. मुलं पुण्याला, हैदराबादला, एकाची तर थेट ऑस्ट्रेलियाला. इथला फ्लॅट विकायचा विचार चालला आहे. मग विकण्याआधी थोडा खर्च करून घ्यावा का? फरशी बदलली, किचन मॉड्युलर केलं, हॉलला पीओपी केलं, तर दोन-पाच लाख जास्त येतील का? मी जन्मभर बँकेत लोकांच्या घरांची कागदपत्रं तपासली, म्हणून मला विचारतात. मी चहा पाजतो आणि आमच्या लातूरच्या घराची गोष्ट सांगतो. ती आता एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पाचव्या माणसाला स्मरणिकाच देता येईल.

आमचं घर लातूरच्या जुन्या गावात, गंजगोलाईपासून चालत दहा मिनिटांवर होतं. सात खणांचं. नव्या पिढीला खण माहीत नसेल. दोन खांबांच्या मधली जागा म्हणजे एक खण, आणि घर किती मोठं हे चौरस फुटांत नाही तर खणांत सांगायचे. आजोबांच्या वेळचा कागद निजामाच्या राज्यातला, उर्दूतला. आण्णा, म्हणजे आमचे वडील, तो वाचून दाखवायचे. घर किती खणांचं, माळवद आहे की पत्रा, चारी बाजूंना कोण, आडाच्या पाण्यावर हक्क आहे की नाही, जायला यायला वाट कुठून, एवढंच त्यात होतं. भिंतीला रंग कोणता, जमीन शेणाची की शहाबादी फरशीची, याबद्दल एक शब्द नाही. पुढे बँकेत शेकडो खरेदीखतं हाताखालून गेली तेव्हा कळलं की ज्याला पैसा मोजतात ते कागदावर येतं, बाकीचं येत नाही.

माळवदाचं घर ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. भिंती दीड-दोन हातांच्या, काळ्या दगडाच्या, दगड मातीत बसवलेले. आत सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडव्या लाकडांची दाटी, आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात असं गार घर दुसरं नाही. पण माळवद गळतं. म्हणून दर वर्षी मृग लागायच्या आत वर पांढरी माती पसरायची, तुडवायची, चोपायची. जुनी माती काढायची कटकट कोण करतो? वरून नवी घालायची. वर्षाला दोन बोटं वाढली तरी पन्नास वर्षांत किती होते, हिशेब करा. किल्लारीच्या भूकंपानंतर आलेल्या अभियंत्यांनी गावोगावची माळवदं मोजली तेव्हा मातीचा थर कुठे फूटभर, तर कुठे दोन-अडीच फूट निघाला. घराची ही वार्षिक दुरुस्ती बाप, आजा, पणजा सगळ्यांनी मन लावून केली होती. त्या दुरुस्तीचंच वजन डोक्यावर चढत गेलं होतं.

१९८२ साली लातूर जिल्हा झाला आणि जागांना भाव आला. कचेऱ्या आल्या, कॉलेजं वाढली, नंतर 'लातूर पॅटर्न'चं नाव झालं आणि खोल्यांना भाडेकरू मुलं मिळू लागली. मी नोकरीनिमित्त नांदेडला होतो, थोरला भाऊ औरंगाबादला. आण्णा गेल्यावर १९९१ मध्ये घर विकायचं ठरलं. भाऊ म्हणाला, "असं जुनाट घर कोण घेईल? थोडा पैसा लावू, दुपटीने निघेल." माझा विरोध नव्हता, खोटं कशाला सांगू. दोघांनी मिळून १९९२ च्या उन्हाळ्यात ३८ हजार रुपये घातले. ओसरी आणि पुढच्या दोन खोल्यांची शहाबादी काढून मोझॅक टाईल बसवली, पुढच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला, दाराला ऑइलपेंट दिला. सागवानी दाराला ऑइलपेंट! आई तेव्हा एवढंच म्हणाली, "मागची भिंत पोटात आलीय, ती बघा की." मागची भिंत गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणून आम्ही ती बघितली नाही.

घर दाखवलं. दोन-तीन जण येऊन गेले. भाव मनासारखा नव्हता, थांबलो.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक थकून झोपले होते. नांदेडलाही आमच्या मांडणीतली भांडी वाजली. मला वाटलं मांजर असेल. सकाळी रेडिओवर कळलं आणि दुपारच्या गाडीने लातूर गाठलं. आई अंगणात बाजेवर बसलेली होती. घर उभं होतं, पण पोटात आलेली ती मागची भिंत मध्यभागी उभी फाटली होती, आणि माळवदाची माती फटीतून खाली मोझॅकवर सांडली होती. आमचं नशीब म्हणायचं. लातूरपासून चाळीसेक किलोमीटरवर किल्लारी, सास्तूर, त्या पट्ट्यातली गावंच्या गावं आडवी झाली. अधिकृत आकड्याप्रमाणे आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. दगडाने जेवढी मेली तेवढीच माळवदाच्या मातीने गुदमरून मेली असं तिथून आलेले लोक सांगायचे.

घर विकलं ते १९९५ मध्ये. घेणारा गृहस्थ लाकडाच्या धंद्यातला. तो आत आला, मोझॅककडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. मान वर करून तुळया मोजत राहिला, खिशातल्या चाकूने खांबाचा ऑइलपेंट खरवडून खालचं लाकूड बघितलं. "साहेब, सागवान चांगलं हाय. रंग द्यायला नको होता." जागेचे पैसे चौरस फुटाने, लाकडाचे घनफुटाने, आणि दगड-माती उचलून न्यायचा खर्च त्यातून वजा. आमच्या ३८ हजारांचे शून्य रुपये आले. तेव्हा मुदत ठेवीला बारा टक्क्यांच्या आसपास व्याज होतं. तीन वर्षांत त्याचे चौपन्न हजार झाले असते. बँकेतल्या माणसाने ही चूक केली, हे मी मुद्दाम सांगतो.

भूकंपानंतर आमच्या भागात घराकडे बघायची नजरच बदलली, आणि याचा पुरावा सरकारी कार्यक्रमातच सापडतो. जागतिक बँकेच्या मदतीने जे पुनर्वसन झालं त्यात पूर्ण पडलेली ५२ गावं नव्या जागी वसवली. तिथली घरं जमीनधारणेनुसार २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची. पण त्याहून कितीतरी मोठा भाग होता दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा. जिथे घरं पडली नाहीत पण तडकली, अशा हजाराहून जास्त गावांत अनुदान बँक खात्यावर हप्त्यांनी जमा व्हायचं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेमार्फत गावोगाव बायकांमधूनच 'संवाद सहायक' नेमल्या होत्या, त्या लोकांना समजावून सांगायच्या. अभियंत्यांचं म्हणणं साधं होतं: माळवदावरची जादा माती उतरवा, भिंतीत आरपार जाणारे बांधदगड बसवा, खांब-तुळईच्या सांध्याला तिरके टेकू द्या, भिंतीवरून काँक्रीटचा पट्टा फिरवा. कमी पैशात जुनं घर सुरक्षित होत होतं.

लोकांनी काय केलं? बहुतेकांनी त्या पैशात विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. जुनं घर तसंच ठेवून गुरं, कडबा आत घातला. शहाण्या माणसांनी याला लोकांचं अज्ञान म्हटलं. मला तसं वाटत नाही. मजबूत केलेलं माळवद डोळ्यांना आधीसारखंच दिसतं. त्यात झोपायची छाती होत नव्हती आणि उद्या विकायचं म्हटलं तर घ्यायला कुणी नव्हतं. सिमेंटच्या खोलीत झोप लागत होती आणि तिला किंमतही होती. हिशेब त्यांनीही केला होता, फक्त तो अभियंत्यांच्या वहीतला नव्हता. तरी एक खंत राहते. जी माळवदं थोडक्या पैशांत शंभर वर्षं टिकली असती, ती सागवानाच्या भावाने गेली.

नांदेडला त्याच काळात 'कॉलमचं घर' हा शब्द सुरू झाला. तोवर गोदावरीपलीकडे सिडकोच्या नवीन नांदेडात, हडकोत, किंवा तरोड्याकडे प्लॉट घेणारा माणूस विटांच्या भिंतींवर स्लॅब टाकून मोकळा व्हायचा. १९९३ नंतर गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारायचं: कॉलम आहेत का? मी तेव्हा कर्जविभागात होतो. संगमरवर घातलेली, पण भिंतींवर स्लॅब असलेली घरं महिनोन्महिने पडून राहिलेली पाहिली, आणि गिलावाही न केलेली पण चौदा कॉलमची घरं आठवड्यात उठलेली पाहिली. भूकंपापूर्वी किल्लारी-लातूरचा भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या सुधारित मानकात तो तिसऱ्या क्षेत्रात गेला. बाजाराने तो निर्णय नऊ वर्षं आधीच घेतला होता.

मग काही वर्षांनी कॉलमची भीती कमी झाली आणि कागदाची भीती आली. शेतजमिनीचे गुंठे पाडून बाँडवर विकलेले प्लॉट नांदेड-लातूरला ढिगाने होते. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने ते नियमित करायची सोय झाली. पुढे २०२१ मध्ये मुदत वाढून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवाऱ्या त्यात आल्या. माझ्या एका सहकाऱ्याने घर विकण्याआधी दीड लाख खर्चून पुढचा भाग सजवला, पण गुंठेवारीचं शुल्क भरायचं राहून गेलं. त्याच गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षकाने रंगही न देता फक्त नियमितीकरणाचं प्रमाणपत्र हातात घेतलं. घेणाऱ्याला कर्ज मिळालं ते शिक्षकाच्या घरावर.

२००८ ला गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा आला. त्याआधीची दोन-तीन वर्षं नांदेडकर विसरणार नाहीत. जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेचा पैसा, रुंद होणारे रस्ते, भिंतींवर मारलेल्या खुणा. एका ओळखीच्या माणसाने रस्त्याकडच्या बाजूला ग्रॅनाइट लावून वर्ष झालं नव्हतं, तोच तो सगळा दर्शनी भाग रुंदीकरणात गेला. रडकुंडीला आला होता बिचारा. तीन वर्षांनी उरलेल्या निम्म्या घराला पूर्वीच्या पूर्ण घरापेक्षा जास्त भाव आला, कारण समोर आता मोठा रस्ता होता आणि खाली दुकान काढता येत होतं. त्यात ग्रॅनाइटचा वाटा काही नव्हता आणि त्याच्या हुशारीचाही नव्हता.

आणि लातूरला पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वे लातूरला पाणी घेऊन आली, पहिल्या फेरीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, आणि टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. माझ्या धाकट्या बहिणीला त्यानंतरच्या वर्षी घर विकायचं होतं. जावईबापूंनी हौसेने साडेतीन लाखांचं किचन करून घेतलं होतं. जे कुणी येईल ते किचनच्या दारातून पुढे मागच्या अंगणात जायचं. बोअर किती फूट? पाणी किती इंच? उन्हाळ्यात टिकतं का? हौद केवढा? शेजाऱ्यांनी २०१४ मध्येच जमिनीखाली मोठा हौद बांधून गच्चीचं पावसाचं पाणी त्यात सोडलं होतं. त्यांचं किचन जुन्या कडप्प्याचं. त्यांचं घर आधी गेलं. बहिणीला शेवटी ८० हजार घालून हौद बांधावा लागला आणि मग सौदा झाला. ते ८० हजार वसूल झाले, साडेतीन लाखांतले किती झाले हे जावईबापूंना विचारायची माझी हिंमत नाही.

एवढ्या उदाहरणांवरून मला जे दिसतं ते असं. आपल्या भागातलं गिऱ्हाईक ज्या गोष्टीने गावाला शेवटचं घाबरवलं, तिच्यापासून सुटकेला पैसे मोजतं. भूकंप झाला तेव्हा कॉलमला, फसवणूक झाली तेव्हा कागदाला, दुष्काळ पडला तेव्हा हौदाला. टाईल्सने कुणाची झोप उडवलेली नाही. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले धक्के आपल्याला जाणवले, त्यानंतर आपल्याच गेटवर येणारी गिऱ्हाइकं पुन्हा "स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का" विचारू लागली. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी ऑडिट करायचं असतं. आपलं पुढचं ऑडिट कधी, हा प्रश्न मी सर्वसाधारण सभेतही विचारला आहे.

सजावटीचा पैसा परत न येण्यामागे बँकेचाही हात आहे, हे मात्र फार लोकांच्या लक्षात येत नाही. आज घेणारा बहुधा कर्ज काढून घेतो. बँकेचा मूल्यांकनकार येतो, क्षेत्रफळ मोजतो, इमारतीचं वय लिहितो, आजूबाजूचे व्यवहार बघतो. शासनाच्या बाजारमूल्य दर तक्त्यातही इमारत जुनी होईल तसा बांधकामाच्या मूल्यातून घसारा वजा होतो. त्यात इटालियन संगमरवराचा रकाना नाही. समजा, फ्लॅट ३५ लाखांचा ठरला आणि तुम्ही फर्निचर-पीओपीचे म्हणून ५ लाख जास्त मागितले. मूल्यांकन ३५ चंच आलं तर वरचे ५ लाख घेणाऱ्याला स्वतःच्या खिशातून काढावे लागतात, मार्जिनचे पैसे वेगळे. तरुण जोडप्याकडे नेमके तेच नसतात. त्यातून तो रंग, तो ओटा त्यांच्या आवडीचा असेलच असं नाही. तुम्ही बसवलेलं फोडायचे पैसेही ते मनातल्या मनात वजा करतात.

माझी भाची अमेरिकेत असते. तिने सांगितलं, तिकडे एक बांधकामाचं मासिक दर वर्षी हाच हिशेब छापतं: कुठल्या सुधारणेवर किती खर्च आणि विकताना किती परत. त्यांच्या २०२४ च्या यादीत सर्वांत वर होतं गाडीच्या गॅरेजचं दार, त्याखाली घराचं पुढचं लोखंडी दार. भारीतलं नवं किचन मात्र निम्मेही पैसे परत देत नाही. गॅरेज आपल्याकडे कुठलं! पण म्हणजे तिथेही गिऱ्हाइकाचा बराचसा निर्णय दारातच होतो असं दिसतं.

आता आयकर. हा भाग कंटाळवाणा आहे, पण पैसे यातच आहेत. घर विकल्यावर भांडवली नफा काढताना खरेदी किमतीबरोबर सुधारणेचा खर्चही वजा मिळतो. मात्र भर किंवा फेरबदल करणारा भांडवली खर्च हवा. रंगरंगोटी, गळणारा नळ बदलणं, हे धरत नाहीत. १ एप्रिल २००१ पूर्वीचा सुधारणेचा खर्चही आता धरत नाहीत. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने महागाई निर्देशांकाचा लाभ काढून दर साडेबारा टक्के केला. पण त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला जुन्या पद्धतीने, म्हणजे निर्देशांकासह वीस टक्के, असा हिशेब करून जो कर कमी येईल तेवढाच भरता येतो. आपल्यापैकी बहुतेकांना हे लागू आहे.

उदाहरण घेऊ. फ्लॅट २००१-०२ मध्ये ५ लाखांना घेतला. २०१२-१३ मध्ये बाल्कनी बंद करून खोलीत घेणं, नवा ओटा, वायरिंग यांवर २ लाख घातले. ऑगस्ट २०२४ मध्ये ४० लाखांना विकला. निर्देशांक २००१-०२ ला १००, २०१२-१३ ला २००, २०२४-२५ ला ३६३. म्हणजे ५ लाखांचे झाले १८ लाख १५ हजार, २ लाखांचे झाले ३ लाख ६३ हजार. नफा उरला १८ लाख २२ हजार, त्यावर वीस टक्के म्हणजे ३ लाख ६४ हजार ४००. दुसऱ्या पद्धतीने ४० मधून ७ वजा, ३३ लाखांवर साडेबारा टक्के, ४ लाख साडेबारा हजार. जुनी पद्धत स्वस्त. आता २०१२ ची बिलं हरवली आहेत असं समजा. मग जुन्या पद्धतीने ४ लाख ३७ हजार, नव्यानेही जवळपास तेवढेच. सेस सोडून देऊ. नुसती बिलांची फाईल नसल्याने ७२ हजार रुपये जादा गेले. (विकून दुसरं घर घेणार असाल तर आयकरातल्या सवलतीमुळे प्रश्न बराचसा मिटतो, पण मुलाकडे राहायला जाणारा माणूस दुसरं घर कुठे घेतो?) आमच्या पिढीने गवंड्याला, गुत्तेदाराला रोखीने पैसे दिले, पावती मागायची लाज वाटली. आणि बाल्कनी बंद करायला सोसायटीची, महापालिकेची परवानगी घेतली नसेल तर घेणाऱ्याचा वकील त्यावर बोट ठेवतोच.

आपल्या इमारतीचा भाव कशाने वाढला, हे सांगितलं तर काहींना पटणार नाही. जमीन कित्येक वर्षं बिल्डरच्याच नावावर होती. मानीव अभिहस्तांतरणाची सोय कायद्यात २००८ मध्ये झाली. आपण अर्ज करायचं ठरवलं तेव्हा सभेत केवढा आरडाओरडा झाला होता! वकिलाला, कागदांना, मोजणीला प्रत्येकी काही हजार रुपये काढायला सगळे नाराज. त्याच महिन्यात त्याच सभासदांपैकी दोघांनी घरात लाखाच्या वर लाइटिंग केलं होतं. अभिहस्तांतरण होऊन मालमत्ता पत्रकावर सोसायटीचं नाव लागलं, त्यानंतर विकलेल्या पहिल्याच फ्लॅटच्या वेळी बँकेने एकदाही फाईल परत केली नाही. गच्चीचं वॉटरप्रूफिंगही तसंच. वरच्या मजल्यावरचे लोक दहा वर्षं घरात पीओपी मारून डाग झाकत होते. गच्ची झाली आणि डागही गेले.

दोन वर्षांपूर्वी एकाच मजल्यावरचे दोन फ्लॅट दोन महिन्यांच्या अंतराने विकले गेले. एकात सहा लाखांचं काम होतं, दुसऱ्याला नुसता पांढरा रंग, नळ नीट, खिडक्यांची तावदानं पुसलेली, आणि सगळे कागद एका पिशवीत. दोघांच्या किमतीत फरक पडला एक लाखाचा. सहा लाखवाल्यांनी ते काम सात वर्षं वापरलं, म्हणून मी त्यांचं नुकसान झालं असं म्हणत नाही. नातवाचं बारसं त्यांनी त्याच हॉलमध्ये केलं.

आमचाही विचार चालू आहेच, लपवण्यात अर्थ नाही. मुलगा पुण्याला बोलावतो. एजंट येऊन गेला, म्हणाला, "काका, फरशी बदला आणि किचन करून घ्या, पस्तीसचे चाळीस काढून देतो." मी त्याला मोझॅकची गोष्ट सांगितली नाही, वेळ लागला असता. बाथरूमच्या पाइपमधून खालच्यांच्या छताला ओल उतरली आहे, तेवढं काम काढायचं ठरवलं. फरशी नाही, पीओपी नाही.

सौ. ने मात्र ओट्याचा विषय काढला. पंचवीस वर्षं तो तिला दोन इंच उंच पडतो, हे तिने मला पहिल्या वर्षीच सांगितलं होतं म्हणे. मी विचारलं, आता विकायच्या वेळी कशाला? ती म्हणाली, "विकाल तेव्हा विकाल. उद्याचा स्वयंपाक मलाच करायचाय ना?" गवंडी सोमवारी येणार आहे. पक्कं बिल मागितलं आहे.